फॉरमॅट मारण्याआधी

गेल्या मार्चमधली गोष्ट. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी रांगेत तिसरा होतो. पुढच्या मुलीनं पेनड्राइव्ह दिला, काउंटरवरच्या दादानं तो संगणकाला लावला आणि पडद्यावर एक चौकट उमटली. मजकूर इंग्रजी, अर्थ एवढाच : ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

"ताई, उडालंय सगळं. फॉरमॅट मारू?"

"नको ना दादा, प्रोजेक्ट आहे त्यात. उद्या सबमिशन आहे."

"मग काय करू? उघडतच नाहीये."

त्याचं बोट माउसवर होतं. त्या एका क्लिकनं पेनड्राइव्ह उघडला असता यात शंका नाही, फक्त रिकामा उघडला असता. "दादा, कॅन्सल करा," असं मी मध्येच बोललो आणि रांगेतल्या सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी त्या चौकटीमागे काय घडतं ते पाहू.

'डेटा उडाला' हा आपला शब्दप्रयोग मोठा फसवा आहे. उडाला म्हटलं की वाफ झाली, आता हाती काही लागायचं नाही, असं वाटतं. पुष्कळदा मात्र फाइल जिथल्या तिथे असते आणि तिच्याकडे नेणारी नोंद तेवढी बिघडलेली असते. माणूस घाबरून दुरुस्तीला धावतो आणि त्या दुरुस्तीतच फाइल खरोखर जाते.

दप्तर आणि शिवार

पेनड्राइव्हच्या आतला कारभार समजून घ्यायला गावचा महसुली कारभार आठवावा. जमीन शिवारात असते, तिचे गट पाडलेले असतात, गटांना नंबर असतात. कुठला गट कोणाचा, हे तलाठ्याच्या दप्तरात लिहिलेलं असतं. ड्राइव्हवरही असेच गट असतात, त्यांना क्लस्टर म्हणतात. एफएटी32 पद्धतीनं आखलेल्या 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर एक क्लस्टर साधारण 16 केबीचा. फाइल मोठी असली की तिला अनेक गट लागतात, आणि ते एकमेकांना लागून असतीलच असं नाही.

समजा 40 केबीचं एक पत्र आहे. त्याला तीन गट लागले : 501, 502 आणि जागा नव्हती म्हणून थेट 790. फोल्डरच्या यादीत या पत्राचं नाव, आकार आणि फक्त पहिला गट, 501, एवढंच नोंदलेलं असतं. पुढचा माग एका वेगळ्या तक्त्यात. तिथे 501 समोर लिहिलेलं असतं 502, 502 समोर 790 आणि 790 समोर 'इथे संपलं' अशी खूण. खजिन्याच्या खेळात एका चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीचा ठिकाणा असतो, तसाच हा प्रकार. या तक्त्याचं नाव फाइल ॲलोकेशन टेबल, म्हणजेच एफएटी. मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी 1977 मध्ये तो फ्लॉपीसाठी रचला. फ्लॉपी इतिहासजमा झाली, तक्ता मात्र अजून आपल्या खिशात आहे. एफएटी32 मध्ये त्याच्या दोन प्रती ठेवतात. 2006 मध्ये आलेल्या आणि आता मोठ्या पेनड्राइव्हवर सर्रास आढळणाऱ्या एक्सएफएटीमध्ये सहसा एकच.

आता फोटो कॉपी होत असताना कोणी पेनड्राइव्ह उपसला, तर काय होईल? ते कुठल्या क्षणी उपसला यावर ठरतं. गटांत माल पडला पण यादीत आकार लिहायचा राहिला, तर फाइल 0 केबीची दिसते. 502 समोरची चिठ्ठी लिहायची राहिली, तर पत्र मध्येच तुटतं. दोन फायलींच्या चिठ्ठ्या एकाच गटाकडे बोट दाखवू लागल्या, तर एकीच्या पोटात दुसरीचा मजकूर निघतो. आणि दप्तराचं पहिलंच पान, म्हणजे बूट सेक्टर, फाटलं तर विंडोजला सगळा ड्राइव्हच अनोळखी वाटतो. फॉरमॅटची ती चौकट येण्याचं हे एक नेहमीचं कारण. विंडोज खरं म्हणजे एवढंच सांगत असते की मला हे दप्तर वाचता येत नाही, नवं घालू का?

फाइल डिलीट करणं हाही दप्तरातलाच खेळ आहे. एफएटीवर फाइल पुसली की यादीतल्या तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर काट मारली जाते आणि तक्त्यातले तिचे आकडे कोरे होतात. गटांतला माल तसाच पडून राहतो. क्विक फॉरमॅटमध्ये दप्तर नवं कोरं येतं, शिवाराला कोणी हात लावत नाही. क्विकची खूण काढून केलेलं पूर्ण फॉरमॅट मात्र वेगळं. विंडोज व्हिस्टापासून ते सगळ्या गटांवर शून्यं लिहीत जातं. तो गाढवाचा नांगर; त्यानंतर शोधण्यासारखं काही उरत नाही.

म्हणजे नोंद गेली तरी जमीन शाबूत असते, त्या गटावर दुसऱ्या कोणी घर बांधेपर्यंत. मालक नोंदलेला नाही म्हटल्यावर संगणक तो गट मोकळा समजतो आणि पुढची फाइल तिथे बिनदिक्कत बसवतो. म्हणूनच बिघडलेल्या ड्राइव्हवर काहीही लिहायचं नाही. नवी फाइल नाही, सुटका करणारं सॉफ्टवेअर नाही आणि सोडवलेल्या फायलीही त्याच ड्राइव्हवर नाहीत. ही शेवटची चूक तर हमखास होते. सापडलेले फोटो न सापडलेल्या फोटोंच्या छातीवर जाऊन बसतात.

आधी नक्कल, मग दुरुस्ती

जाणकार माणूस पहिलं काम करतो ते ड्राइव्हची इमेज घेण्याचं. इमेज म्हणजे फायलींची कॉपी नव्हे. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत दप्तर, शिवार, पडीक जमीन, सगळं जसंच्या तसं एका मोठ्या फाइलीत उतरवून घ्यायचं. लिनक्सवर 'जीएनयू डीडीरेस्क्यू' हे काम फार शहाणपणानं करतं. सहज वाचता येणारा भाग ते आधी उचलतं, अडणाऱ्या जागा मागे ठेवतं, कुठे काय राहिलं याचा नकाशा बाळगतं आणि मग पुन्हा पुन्हा त्या जागांवर येतं. मध्येच थांबवलं तरी नकाशावरून काम पुढे चालू होतं. विंडोजवर 'विन32 डिस्क इमेजर'सारखी साधनं आहेत. ड्राइव्ह धडधाकट असला, फक्त नोंद बिघडली असली, तर तीही पुरतात. पुढची सगळी खटपट या नकलेवर करायची. चुकलं तर नक्कल बिघडेल, मूळ ड्राइव्ह शाबूत राहील.

बहुतेक जण मात्र थेट 'चेकडिस्क'कडे जातात. ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. हे साधन वाईट नाही, पण त्याची नोकरी कोणती ते ओळखून असावं. तो हिशोब जुळवणारा कारकून आहे. दप्तर आणि शिवार यांचा मेळ बसला की त्याचं काम संपलं. तुमचा प्रोजेक्ट वाचवा, असं त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मालक न सापडलेले गट तो गोळा करतो आणि 'फाउंड.000' नावाच्या दडलेल्या फोल्डरमध्ये 'फाइल0000.सीएचके' अशा नावांनी ठेवतो. ती फाइल मुळात फोटो असेल तर शेवटचं 'सीएचके' बदलून 'जेपीजी' केल्यावर कधी कधी चटकन उघडते. जिथे मेळ बसत नाही तिथे मात्र तो सरळ कात्री लावतो, आणि तोडलेलं परत जोडता येत नाही.

या कामासाठी जगभर वापरली जाणारी दोन फुकट साधनं आहेत, 'टेस्टडिस्क' आणि 'फोटोरेक'. दोन्ही क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रामरची. दिसायला ओबडधोबड, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. टेस्टडिस्क दप्तर दुरुस्त करतं. एफएटी32 मध्ये बूट सेक्टरची एक राखीव प्रत सहाव्या सेक्टरवर ठेवण्याची पद्धत आहे. टेस्टडिस्क ती तपासतं, ठीक असेल तर तिच्यावरून फाटलेलं पहिलं पान पुन्हा लिहितं आणि सगळे फोल्डर नावांसकट परत उभे राहतात. तेही लिहिणारं साधन आहे, म्हणून इथेही आधी नक्कल.

दप्तरच हाती लागत नसेल तेव्हा फोटोरेक. हे दप्तराकडे ढुंकूनही पाहत नाही. शिवारात उतरतं आणि पीक पाहून शेत ओळखतं. ते कसं, हे समजायला एखादी फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडून पाहावी. तिथे चित्र दिसत नाही, एकेका बाइटसाठी दोन चिन्हांची जोडी, अशा ओळीच्या ओळी दिसतात. कुठलाही जेपीजी फोटो उघडा, सुरुवात 'एफएफ डी8 एफएफ' अशीच असते आणि शेवट 'एफएफ डी9'. पीडीएफच्या तोंडाशी टक्क्याची खूण आणि 'पीडीएफ' ही रोमन अक्षरं चक्क वाचता येतात. वर्डची डॉकएक्स फाइल 'पीके' या अक्षरांनी सुरू होते. ती फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. झिप पद्धत त्यांची, आणि डॉकएक्स म्हणजे आतून झिपचं गाठोडंच. फोटोरेक गटामागून गट चाळत या खुणा हुडकतं आणि तिथून पुढचा माल उचलत जातं. सापडलेल्या फायलींना नाव नसतं, फोल्डर नसतो, कारण ती माहिती दप्तरात होती. 'गोवा ट्रिप' हा फोल्डर परत येत नाही. आकड्यांच्या नावाचे हजारो फोटो येतात, त्यांतून गोवा आपणच शोधायचा. फाइल तुकड्यांत विखुरलेली असेल तर तीही बहुधा अर्धवटच हाती लागते.

फाइल सापडली, पण उघडेना

इथवर नोंदीची कथा झाली. कधी फाइल सापडते आणि तीच आतून मोडलेली असते. तेव्हा पहिला प्रश्न, माल आहे का? हेक्स एडिटरमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यंच शून्यं दिसली, तर आत काही नाही. कुठलंही सॉफ्टवेअर, कितीही पैसे मोजले तरी, त्यातून तुमचा मजकूर काढू शकणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

माल असेल तर मात्र युक्त्या आहेत. वर्डमध्ये फाइल नेहमीसारखी न उघडता ओपनच्या बटणाशेजारचा बाण दाबून 'ओपन अँड रिपेअर' निवडावं. तेवढ्यानं भागलं नाही तर फाइलीची नक्कल करून तिच्या शेवटचं 'डॉकएक्स' बदलून 'झिप' करावं. गाठोडं उघडलं तर आत 'वर्ड' नावाचा फोल्डर, त्यात 'मीडिया'मध्ये सगळी चित्रं आणि 'डॉक्युमेंट.एक्सएमएल'मध्ये मजकूर. मांडणी जाते, पण चाळीस पानं पुन्हा टाइप करण्यापेक्षा ते बरं.

फोटो वरून अर्धा ठीक आणि खालून करडा दिसतो, याचं कारण जेपीजी वरून खाली क्रमानं उलगडत जातो. जिथे बाइट तुटले, तिथून पुढे करडा पडदा. ती खालची बाजू फाइलीत उरलेलीच नसेल तर भरून कशी निघणार? मात्र कॅमेरे फोटोच्या आतच एक छोटी प्रतिमा ठेवतात, ती अनेकदा शाबूत सापडते. फ्रेममध्ये लावायला नाही, पण आजीचा चेहरा ओळखू येण्याइतकी.

व्हिडिओचं दुखणं वेगळंच. एमपी4 फाइलीत कुठली चित्रचौकट कुठे आहे याची सूची असते, आणि बरेच कॅमेरे ती रेकॉर्डिंग संपल्यावर अगदी शेवटी लिहितात. वरात ऐन रंगात असताना बॅटरी गेली तर चित्रीकरण सगळं असतं, सूची तेवढी नसते, आणि प्लेअर हात वर करतो. 'अनट्रंक' नावाचं साधन त्याच कॅमेऱ्यातली दुसरी चांगली फाइल नमुना म्हणून घेतं आणि तिच्यावरून सूची नव्यानं बांधायचा प्रयत्न करतं. म्हणून त्या कॅमेऱ्यातला एखादा धड व्हिडिओ जपून ठेवावा.

न मोडलेल्या फायली

काही तक्रारींत तर मोडलेलं काहीच नसतं. झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हवर फोल्डरांच्या जागी बाणवाले शॉर्टकट दिसतात, हा ओळखीचा व्हायरस. तो फायली खात नाही, लपवतो. शॉर्टकटवर क्लिक करायचं नाही, तेच त्याला हवं असतं. हिडन आयटम्स दाखवायला सांगावं, आणि फोल्डर ऑप्शन्समध्ये सिस्टिमच्या संरक्षित फायली लपवण्याची खूणही काढावी. सगळं जागच्या जागी दिसेल. मग ते दुसरीकडे उतरवून घ्यावं आणि अँटिव्हायरस चालवावा.

मॅकवर वापरलेल्या पेनड्राइव्हवर प्रत्येक फोटोच्या नावाची, सुरुवातीला टिंब आणि अधोरेघ असलेली चार केबीची एक फाइल दिसते. ती उघडत नाही, कारण ती फोटो नसतेच. मॅकनं स्वतःसाठी ठेवलेलं ते टिपण असतं.

आणि एक खास आपला प्रकार. पंधरा-वीस वर्षांपूर्वी टाइप केलेली स्मरणिका उघडावी तर पानभर रोमन अक्षरांची, कंसांची आणि चिन्हांची खिचडी. माणूस म्हणतो, फाइल करप्ट झाली. फाइल ठणठणीत असते. ती श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली असते आणि तो फाँट या संगणकावर नसतो. फाँट टाकला की मराठी परत दिसू लागतं. युनिकोडमध्ये बदलून घेतलं की कायमचीच काळजी मिटते. युनिकोड मजकुराचीही एक गंमत आहे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' ओळीत ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा दिसला, तर तो मजकूर यूटीएफ-8 मध्ये आहे आणि प्रोग्राम त्याला भलत्याच पद्धतीनं वाचतोय असं समजावं. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि त्यांतला पहिला बाइट कायम एकच असतो. तोच त्या रोमन अक्षराच्या रूपात डोकावत राहतो. उघडताना यूटीएफ-8 निवडलं की काम झालं.

चिपही थकते

दप्तर आणि फाइल, दोन्हींच्या खाली एक चिप असते. तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी शोधली. आज पेनड्राइव्हमध्ये असते ती नँड फ्लॅश 1987 मध्ये जाहीर झाली, आणि 2000 च्या सुमारास अवघ्या 8 एमबीचे पहिले पेनड्राइव्ह बाजारात आले. या चिपमध्ये प्रत्येक नोंद म्हणजे एका सूक्ष्म कप्प्यात कोंडलेला विद्युतभार. लिहिताना पान पान लिहिता येतं, पण पुसताना अनेक पानांचा अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. त्यामुळे एक ओळ बदलायची तरी चिपमधला कंट्रोलर आत बरीच हलवाहलव करत असतो. ऐन त्या वेळी ड्राइव्ह उपसला तर कधी कधी ज्या फाइलीला हातही लावलेला नव्हता, तीही बिघडते. 'सेफली रिमूव्ह' दाबायचं ते म्हणून. विंडोज 10 च्या 2018 अखेरच्या आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' आपोआप चालू असतं, तरी कॉपी पूर्ण होण्याआधी उपसण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

प्रत्येक पुसण्यागणिक ते कप्पे झिजतात, आणि वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेल्या ड्राइव्हमधला भार हळूहळू झिरपून जातो. झिजलेला ड्राइव्ह एके दिवशी 'राइट प्रोटेक्टेड' म्हणू लागतो. हे कुलूप कसं तोडायचं याचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. तोडू नये. अनेकदा आता लिहिणं धोक्याचं आहे हे ओळखून कंट्रोलरनंच ते दार लावून घेतलेलं असतं आणि वाचायची खिडकी तेवढी उघडी ठेवलेली असते. मुकाट्यानं सगळं उतरवून घ्यावं आणि त्या ड्राइव्हला निरोप द्यावा. ड्राइव्ह संगणकाला दिसतच नसेल, किंवा क्षमता शून्य दाखवत असेल, तर सॉफ्टवेअरच्या नादी न लागता डेटा रिकव्हरीवाल्याकडे जावं. नुसती यूएसबीची पिन मोडली असेल तर घाबरायचं कारण नाही. डेटा चिपमध्ये असतो, डाग देऊन पिन जोडता येते.

दोन टीबीचा पेनड्राइव्ह काही शे रुपयांत मिळाला असेल, तर मात्र दोष तुमच्या वापरात नाही. त्याचा कंट्रोलर खोटं बोलतो. आत जेमतेम काही जीबी असतात आणि वरचा माल हवेत सोडला जातो, नाहीतर आधीच्या मालावर लिहिला जातो. गंमत अशी की सगळ्या फायलींची नावं व्यवस्थित दिसतात, कारण दप्तर ड्राइव्हच्या सुरुवातीच्या, खऱ्या जागेत असतं. सातबारा चोख, जमीनच नाही. 'एचटूटेस्टडब्ल्यू' किंवा 'एफ3' हे प्रोग्राम ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचतात आणि लबाडी उघडी पाडतात. नवा ड्राइव्ह घेतला की फोटो टाकण्याआधी एवढी एक रात्र द्यावी.

आता झेरॉक्सच्या दुकानात परत येऊ. चौकट बंद झाल्यावर मी त्या मुलीला विचारलं, "हा प्रोजेक्ट आणखी कुठे आहे?" दुरुस्तीचं कुठलंही साधन उचलण्याआधी विचारायचा हा प्रश्न, आणि घाबरलेला माणूस नेमका तोच विसरतो. मेलमध्ये पाठवला होता का? मैत्रिणीला व्हॉट्सॲप केला होता का? कॅमेऱ्याचं कार्ड अजून रिकामं केलेलं नसेल ना?

"नाही हो. मागच्या आठवड्यात सरांना दाखवायला एकदा प्रिंट काढली होती, बस."

"कुठे काढली?"

"इथेच."

काउंटरवरचा दादा काही न बोलता संगणकाकडे वळला. त्याचा डेस्कटॉप म्हणजे जत्रा. प्रिंट काढायला आलेली प्रत्येक फाइल आधी तिथे उतरवायची आणि मग उघडायची, ही या दुकानांची रीतच असते. (म्हणूनच आधार कार्डाची प्रत काढून झाली की ती तिथून पुसायला सांगावी.) 'न्यू फोल्डर'मागून 'न्यू फोल्डर' उघडत तो कुठल्याशा चौदाव्या फोल्डरात पोचला आणि त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. प्रोजेक्ट होता. सरांनी सांगितलेल्या दुरुस्त्या तेवढ्या नव्हत्या. तिनं तिथलंच एक स्टूल ओढलं आणि छापील प्रतीवरच्या लाल खुणा पाहत टाइप करायला बसली.

तासाभरानं मी माझी कागदपत्रं घेऊन निघालो, तेव्हा तिची पानं स्पायरल बाइंडिंगच्या यंत्राखाली होती. काउंटरवर तो पेनड्राइव्ह तसाच पडला होता.

"ताई, आता मारू का फॉरमॅट?" दादानं विचारलं.

तिनं तो उचलला आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकून चेन लावली.